रिकाम्या पाण्याची मोजणी

धुळ्याच्या देवपुरातून समुद्र गाठायचा तर सर्वांत जवळचा किनारा सुरतेकडचा. साक्री, नवापूर, सोनगढ करत सव्वादोनशेएक किलोमीटर जायचं, तेव्हा कुठे खारा वारा लागतो. पांझरा मात्र रोजच तिकडे निघालेली असते. एकवीरा देवीच्या देवळाजवळून वाहणारं तिचं पाणी मुडावदला तापीत पडतं आणि तापी ते अरबी समुद्रात नेऊन सोडते. आमच्या गावाचं समुद्राशी नातं एवढंच. तरीही माझ्या अभ्यासाचा विषय समुद्रपक्षी आहे आणि त्यावरून वाडीभोकर रोडवर माझी जी थट्टा व्हायची ती होतच असते.

यंदा आषाढात पत्र आलं. ‘सागर संपदा’ या संशोधन-जहाजाच्या ऑगस्टमधल्या फेरीत पक्ष्यांच्या नोंदी करायला एक जागा होती. कोचीला हजर व्हायचं होतं. हे जहाज केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचं, १९८४ साली डेन्मार्कमध्ये बांधलेलं, ७१.५ मीटर लांबीचं. मासे, प्लवक, पाण्याचं तापमान, त्यातला क्षार आणि प्राणवायू असा सगळा अभ्यास त्यावरून चालतो. पक्ष्यांसाठी म्हणून वेगळं जहाज कोण सोडणार? इतरांच्या कामासाठी जहाज जाईल तिकडे आपणही जायचं, एका कोपऱ्यात उभं राहायचं आणि मोजायचं.

पत्रासोबत यादी होती. डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, ओळखपत्राच्या प्रती, घरच्यांचा फोन नंबर, न घसरणारे बूट, स्वतःची औषधं. दत्त मंदिराजवळच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब घेताघेता विचारलं, “पोहता येतं का?” येतं म्हटलं. “कुठे शिकलीस?” तरणतलावात म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि सही ठोकली.

बूट आणि कागद दोन दिवसांत जमतात. खरी तयारी डोळ्यांची आणि ती गच्चीवर सुरू झाली.

समुद्रावर पक्षी मोजायची जी रीत आज जगभर चालते ती १९८४ साली टास्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. जहाजाच्या नाकापासून एका बाजूला ९० अंशांचा कोन धरायचा आणि ३०० मीटर रुंदीचा पट्टा आपला मानायचा. पाण्यावर बसलेला पक्षी त्या पट्ट्यात आला की लिहायचा. उडणाऱ्यांचा हिशेब वेगळा. ते जहाजापेक्षा जोरात जातात. दिसेल तो लिहीत गेलं तर नुसत्या येण्याजाण्यानंच आकडा फुगतो. म्हणून त्यांच्यासाठी ठरावीक क्षणी नजर टाकायची, त्या क्षणी पट्ट्यात जेवढे असतील तेवढेच धरायचे आणि नंतर कितीही घिरट्या घालोत, पुढच्या क्षणापर्यंत त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं. दहा नॉट वेगानं चाललेलं जहाज ३०० मीटर अंतर साधारण ५८ सेकंदांत कापतं. म्हणजे जवळपास मिनिटाला एक नजर.

हे वाचायला सोपं आहे. संध्याकाळी पाच वाजता देवपूरच्या गच्चीवर उभं राहून पाकोळ्यांवर करून पाहावं म्हणजे कळतं. पाकोळ्या पुन्हापुन्हा त्याच गल्लीवरून फिरतात. डोळा त्यांच्यामागे पळतो, बोट आपोआप मोजत सुटतं. त्याला आवरायचं, घड्याळ वाजलं की एकदाच पाहायचं, आकडा लिहायचा आणि मान खाली. समोरच्या काकू वाळवण काढायला आल्या की हा प्रकार बघत उभ्या राहत. शेवटी एकदा त्यांनी विचारलंच, “काय करी राहिनी वं? कावळा मोजी राहिनी का?” पाकोळ्या, म्हटलं. “मंग त्या बठ्ठ्या उडी गयात ना!” त्यांना वाटलं माझं नुकसान झालं. मी वहीत शून्य लिहिलं आणि त्यांना ते दाखवलं. त्यांनी माझ्या आईला हाक मारली.

दुसरं काम अंतर ओळखण्याचं. पाण्यावर खूण नसते; झाड नाही, खांब नाही. ३०० मीटर कुठे संपतात हे कशावरून ठरवायचं? डेनिस हाइनमन यांनी १९८१ साली यावर एक साधी पट्टी काढली. हात सरळ ताठ करून पट्टी धरायची, तिची वरची कड क्षितिजाला लावायची. पट्टीवर खाली ज्या खुणा असतात त्यांच्या रेषेत दिसणारं पाणी ठरावीक अंतरावरचं. खुणा कुठे करायच्या हे दोन गोष्टींवर ठरतं: डोळ्यापासून पट्टीपर्यंतची लांबी आणि पाण्यापासून डोळ्याची उंची. माझ्या हाताची लांबी भरली साठ सेंटिमीटर. जहाजावर उभी राहीन तिथे डोळ्याची उंची पाण्यापासून बारा मीटर धरली. हिशेबानं ३०० मीटरची खूण कडेपासून साडेतेवीस मिलिमीटर खाली आली, २०० मीटरची साडेपस्तीस आणि १०० मीटरची एकाहत्तर. पाचकंदीलवरून शाळेच्या पोरांची लाकडी फूटपट्टी आणली, आकड्यांची बाजू मागे केली आणि कोऱ्या बाजूवर या खुणा केल्या, पेन्सिलीनंच. जहाजावर प्रत्यक्ष उंची मोजल्याशिवाय शाई वापरायची नाही हे ठरलेलं होतं. तीनशे मीटर समुद्र पट्टीच्या टोकाशी एवढ्याशा जागेत मावतो आणि शेवटच्या शंभर मीटरांना जेमतेम बारा मिलिमीटर मिळतात. हात जरा वाकला की पक्षी आत येतो किंवा बाहेर जातो.

सरावाला नकाणे तलाव होता. भिंतीवरून पलीकडच्या बाभळीपर्यंतचं अंतर फोनच्या नकाशावर मोजायचं, मग नुसत्या डोळ्यांनी सांगायचं, मग ताडून पाहायचं. नदीसुरय पाण्यावरून खालवर करत जायचे तेव्हा ते किती लांब आहेत हे ओठांतल्या ओठांत पुटपुटायचं. श्रावणात तलावावर हिवाळ्यासारखी बदकांची गर्दी नसते. बराच वेळ पाणी नुसतं पाणी असतं. आणि मला तेच हवं होतं, कारण समुद्रावर दहादहा मिनिटांच्या नोंदी करायच्या असतात आणि त्यांतली बहुतेक दहा मिनिटं अशीच जाणार असतात.

आमचे आबा कापडण्याच्या शेतावर पाऊस मोजायचे. रोज सकाळी सात वाजता मोजपात्र बघायचं आणि वहीत तारखेसमोर आकडा लिहायचा. दुष्काळाच्या सालांत त्या वहीची पानंच्या पानं शून्यांनी भरलेली आहेत. लहानपणी वाटायचं, पाऊस पडलाच नाही तर लिहायचं काय? कोरं सोडावं. आबांचं म्हणणं असं की कोरं पान म्हणजे कुणी बघितलं नाही आणि शून्य म्हणजे बघितलं, पण नव्हता. हा फरक पीकविम्याच्या कागदात कळतो तसा पक्ष्यांच्या शास्त्रातही कळायला लागतो. तो खान्देशाइतका कुणाला माहीत असणार?

रानपिंगळ्याची गोष्ट इथलीच आहे. हा छोटा पिंगळा ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली शास्त्राला नव्यानं सांगितला. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले तेच ह्यूम. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात खान्देशात जेम्स डेव्हिडसन हे इंग्रज अधिकारी होते. ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८८२ साली त्यांनी पश्चिम खान्देशातल्या पक्ष्यांची यादी छापली. सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलातून त्यांनी रानपिंगळे मिळवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी खात्रीनं कुणालाच मिळाला नाही. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून सात नमुने, तेवढीच त्याची शिल्लक. मधे रिचर्ड मायनर्टझहॅगन यांनी १९१४ साली गुजरातेत मांडवीला तो मिळाल्याचं सांगितलं होतं. तो नमुना संग्रहालयातून लांबवलेला, उसवून पुन्हा शिवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला होता हे पुढे पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी उघड केलं. ती चिठ्ठी बाजूला ठेवून, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागांवरून माग काढत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट १९९७च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळच्या जंगलात आले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार वेगळा व्हायचा होता. रानपिंगळा उघड्या झाडावर, दिवसाउजेडी बसलेला होता.

११३ वर्षं तो नव्हता, की ११३ वर्षं त्या जागी त्याला कुणी ओळखून पाहिलंच नाही? उत्तर आज सगळ्यांना माहीत आहे; पुढे तो मेळघाटात निघाला, ठाण्याजवळ तानसाच्या जंगलातही निघाला. कोऱ्या पानाला लोकांनी शून्य समजून घेतलं होतं. आणि खोट्या नोंदीनं तर शून्याहून जास्त नासधूस केली, शोधणाऱ्यांना भलत्या जागी पाठवलं. आमच्याकडे पक्षीनिरीक्षणाला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट कुणीतरी सांगतंच. मला ती समुद्राकडे घेऊन गेली. अरबी समुद्रातल्या पक्ष्यांच्या नकाशावर आजही कोरी जागा फार आहे आणि तिला कुणी शून्य म्हणू नये.

निघायचा दिवस कानबाईमुळे ठरला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशातल्या घराघरात कानबाई बसते, पुण्या-मुंबईला गेलेली माणसं रोट खायला गावी येतात. घरात भाऊबंद जमलेले असताना बॅग भरणं म्हणजे जाहीर कार्यक्रम. दुर्बीण, जोड-दुर्बीण, ओलसरपणा शोषणाऱ्या पुड्या, बारा पेन्सिली, ओल्या हातानं लिहिता येईल अशी वही. पेन्सिलीच का, तर शाई खाऱ्या पाण्यात पसरते आणि बॉलपेन गारठ्यात-ओलीत दगा देतं. जमलेल्यांतल्या जिभाऊंनी विचारलं, एवढ्या पक्ष्यांचे फोटो का काढत नाहीस? त्यांना सांगितलं, हलत्या जहाजावरून काढलेल्या फोटोत पक्षी असतो, पण तो कोणत्या मिनिटाला, किती अंतरावर होता आणि त्याआधी किती वेळ काही नव्हतं हे फोटोत नसतं.

आईची यादी वेगळी. बिबड्या, शेव, दाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, सुंठ, आवळा-सुपारी. जहाज लागलं तर कोरडं खा, पोट रिकामं ठेवू नको आणि क्षितिजाकडे बघ, असा सल्ला मला आधीच मिळाला होता. त्यातली क्षितिजाची अडचण कुणालाच नव्हती. गाडी लागते म्हणून घाटात घ्यायच्या त्याच गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या. झोप येते, म्हणून आधीच्या रात्री घेऊन बघ म्हणाले. सोमवारी सकाळी कानबाई पांझरेवर गेली, सगळे परतले आणि संध्याकाळी मी देवपूर स्टँडवरून जळगावची बस धरली.

धुळे ते जळगाव हा रस्ता म्हणजे तापीच्या पाण्याची उजळणी आहे. पारोळ्याला बोरी, एरंडोलला अंजनी, जळगावच्या अलीकडे बांभोरीला गिरणा. सगळ्या शेवटी तापीतच जातात. त्या संध्याकाळी गिरणेत पाणी होतं, कपाशी गुडघ्याच्या वर गेली होती आणि बसमधल्या मावशी शेजारणीला पहिल्या फवारणीचा खर्च सांगत होत्या. जळगावला मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस रात्री उशिरा येते. दिल्लीहून निघालेली, एर्नाकुलमला जाणारी. समुद्राकडे जाणाऱ्या माणसाला याहून नेमक्या नावाची गाडी रेल्वेकडे नसावी.

सकाळी जाग आली ती पनवेलच्या अलीकडे आणि मग दिवसभर कोकण. ही गाडी किनाऱ्याला धरून जाते असं नकाशात वाटतं. खिडकीत मात्र डोंगर, बोगदे, भातखाचरं आणि खाडीचे पूल; समुद्र म्हणावा असा दिसत नाही. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू होतं, गाडी सावकाश चालत होती. या दिवसांत इकडच्या किनाऱ्यांवर दमून-भागून पडलेले समुद्रपक्षी सापडतात. मास्क्ड बूबीसारखा मोठा, पांढराशुभ्र पक्षी पुळणीवर बसून राहतो आणि लोक त्याला बदक समजून घरी नेतात किंवा वनखात्याला फोन करतात. वादळानंतर तर काळे सुरय किनाऱ्यापासून खूप आत येऊन पडतात. आपल्याकडच्या समुद्रपक्ष्यांच्या माहितीतला मोठा भाग असाच, वाऱ्यानं आणून टाकलेल्या पक्ष्यांतून जमलेला आहे. पडलेला पक्षी समुद्रात कोणता पक्षी आहे हे सांगतो. तो कुठून आला, तिथे त्याच्यासारखे किती होते, हे त्याला विचारता येत नाही.

चिपळूण गेलं. इथल्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर, गुहांतली पाकोळ्यांची घरटी चोरून नेणाऱ्यांविरुद्ध मोहीम चालवली होती. त्याच वेंगुर्ला रॉक्सवरच्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. आणि त्यांच्याही आधी या किनाऱ्याच्या पाण्यावर ह्यूम येऊन गेले होते. १८७५ साली ते ‘क्लाइड’ नावाच्या सागरी सर्वेक्षणाच्या जहाजावर चढले. सरकारी काम होतं लक्षद्वीपला दीपगृहांसाठी जागा पाहण्याचं. ह्यूमनी त्यात पक्षी गोळा केले आणि बेटं मुख्य भूमीपासून खोल दरीनं तुटलेली आहेत का हे पाहायला समुद्राची खोलीही मोजवली. म्हणजे दुसऱ्यांच्या जहाजावर एका कोपऱ्यात उभं राहून पक्षी पाहण्याची आमची रीत दीडशे वर्षांची आहे. फरक एवढाच की तो काळ नमुन्यांचा होता. मिळालेल्या पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी बांधत. न मिळालेल्याच्या पायाला कोण बांधणार?

रत्नागिरीनंतर वरच्या बर्थवर आडवी होऊन मी पुन्हा ओळखीच्या खुणा घोकल्या. ऑगस्टमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे केरळच्या किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाजूला सारतात आणि खालचं थंड, पोषणानं भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवक वाढतं, प्लवकावर मासे येतात, माशांवर होड्या आणि पक्षी दोन्ही. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल हा चाळीस ग्रॅमच्या आतला पक्षी अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण करतो आणि तिकडच्या हिवाळ्यात आपल्या समुद्रापर्यंत येतो. पाय लटकते ठेवून पाण्यावर नाचल्यासारखा चरतो. फ्लेश-फूटेड शीअरवॉटर ऑस्ट्रेलियाच्या बाजूनं येतो, सगळा तपकिरी-काळा, चोच फिकट, टोक गडद. जुआनीन्स पेट्रेल सोकोत्रा बेटावर वीण करतो, तोही काळसर, पण चोच गडद आणि शेपूट लांब. दोन काळे पक्षी, मावळतीचा उजेड, खालीवर होणारा डेक आणि पाहायला चार सेकंद. खात्री नसेल तर ‘न ओळखलेला काळा पक्षी’ असंच लिहायचं. त्यासाठी तक्त्यात वेगळा रकाना आहे आणि मायनर्टझहॅगनची आठवण ठेवली तर तो मोकळेपणानं वापरता येतो.

एर्नाकुलमला उतरले तेव्हा पाऊस होता. विलिंग्डन बेटाकडे जाताना पुलावर ब्राह्मणी घारी अगदी खांबाच्या उंचीवरून उडत होत्या. धुळ्यात जशी साधी घार, तशी इथे ही. बंदराच्या दारावर ओळखपत्र, पास, बॅगेची तपासणी. शिपायानं फूटपट्टी बाहेर काढून उलटसुलट पाहिली, पेन्सिलीच्या तीन रेघा बघितल्या आणि परत बॅगेत सारली.

जहाज धक्क्याला लागलेलं होतं. मागे जाळं ओढायची अवजड यंत्रं, एका बाजूला पाण्याचे नमुने घेणाऱ्या बाटल्यांचं चक्र. त्या बाटल्या खाली सोडायला जहाज थांबतं. थांबलेल्या जहाजाभोवती पक्षी जमतात, खाण्याच्या आशेनं. ते दिसायला बरे, पण मोजणीत धरायचे नसतात. मोजणी चालत्या जहाजावरचीच. दहा नॉट वेगानं दहा मिनिटांत तीन किलोमीटर, रुंदी तीनशे मीटर, म्हणजे एका नोंदीत साधारण एक चौरस किलोमीटर पाणी. उजाडल्यापासून मावळेपर्यंत अकरा तास उभं राहिलं तर साठ-पासष्ट चौरस किलोमीटर. भारताचं सागरी आर्थिक क्षेत्र वीस लाख चौरस किलोमीटरहून मोठं आहे. हा भागाकार मी गच्चीवरच करून ठेवला होता, म्हणून घाबरायचं काही उरलं नव्हतं.

उभं राहायची जागा जहाजाच्या ब्रिजच्या बाहेरची, जिथून नाक आणि उजवी बाजू मोकळी दिसते. डेकवरच्या मुकादमानं वजन बांधलेली दोरी दिली. ती पाण्यापर्यंत सोडली, कठड्यापाशी गाठ मारली, वर ओढून मोजली, त्यात कठड्यापासून डोळ्यापर्यंतची उंची मिळवली. बारा मीटरपेक्षा थोडी कमी भरली. इंधन आणि पाणी संपत जाईल तसं जहाज वर येईल, तेव्हा पुन्हा मोजायला हवी, असं मुकादमांनीच सांगितलं. मी खुणा पुसून नव्या केल्या, थोड्या वर सरकवल्या आणि मग त्यावर शाई फिरवली.

ते बघत उभे होते. हिंदीत विचारलं, “मॅडम, एवढं करून पक्षी नाहीच आला तर?”

मी त्यांना तक्ता दाखवला. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, वारा, लाटा, पक्ष्याचं नाव, संख्या. एकाही रकान्याला ‘असल्यास’ हा शब्द जोडलेला नव्हता. संख्येच्या रकान्यात काहीतरी लिहावंच लागतं, आणि ते शून्य असेल तर पुढे पन्नास वर्षांनी या पाण्यावर येणाऱ्याला एवढं तरी कळेल की या ऑगस्टमध्ये, या रेखांशावर, कुणीतरी दहा मिनिटं नीट उभं राहून बघत होतं. मुकादमांनी मान डोलावली आणि माझ्या बुटांकडे पाहून म्हणाले, “तिथे उभं राहायचं तर एक हात कायम कठड्याला. वहीला एकच हात मिळेल.”

तेवढा सराव गच्चीवर झालेला नव्हता. बंदराबाहेर पडायला अजून दोन तास होते. मी वही डाव्या मनगटाला बांधली आणि एका हातानं पान उलटायला शिकू लागले.